ताईनं विचारलं, आमची मिरवणूक कुठंय?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ऑलिम्पिकचं ब्राँझ आणलेल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेची कोल्हापुरात मिरवणूक निघाली त्या दिवसाची गोष्ट. संध्याकाळी ताई ड्युटीवरून आली तेव्हा घरात सगळेजण मोबाईलवर तेच व्हिडिओ बघत बसलेलो, गर्दी, फुलं, घोषणा, आणि भाऊजी तर एकच क्लिप चौथ्यांदा लावत होते. ताईनं पाय धुतले, चहा घेतला, थोडा वेळ तीपण बघत बसली आणि मग एकदम शांतपणे म्हणाली, "कोविडमध्ये आम्ही ते किट घालून तासन् तास उभ्या होतो रे. आमची कुठं निघाली मिरवणूक?"

ताई सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, वीसेक वर्षं झाली. ती रागानं बोलली असती तर मी वाद घातला असता, पण तिला खरंच उत्तर पाहिजे होतं. मी म्हणालो अगं खेळाडू देशाचं नाव मोठं करतात ना. ती "बरं" म्हणाली आणि भाकऱ्या करायला आत गेली. ते उत्तर मलाच पटलं नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातनं जात नाही म्हणून आज बसून लिहितोय.

आम्ही मूळचे कराड तालुक्यातले, म्हणजे खाशाबांच्या मुलखातले. गोळेश्वर आमच्यापासून फार लांब नाही. लहानपणी आजोबांकडून एक गोष्ट इतक्यांदा ऐकली की ती मी स्वतः बघितलीय असं वाटतं. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून कुस्तीतलं ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि कराड स्टेशनवर त्यांना घ्यायला शंभरावर बैलगाड्या गेल्या होत्या. सजवलेल्या, शिंगं रंगवलेल्या, बेंदराला सजवतात तशा. पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले असं सांगतात. त्यातल्या एका गाडीवर आजोबा होते, सतरा-अठरा वर्षांचे. ते सांगायचे की त्या दिवशी पदक कुणाला नीट दिसलंच नाही एवढी गर्दी होती, पण ते कुणाला बघायचंही नव्हतं, माणूस बघायचा होता.

आजोबा आणखी एक वाक्य म्हणायचे आणि त्याचा अर्थ मला आत्ता आत्ता लागतोय. म्हणायचे, "त्याच्यात आमचे आठ आणे होते."

खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. सरकारकडून काही होईना तेव्हा लोकांकडून वर्गणी गोळा झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डीकर यांनी चक्क स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. १९५२ चे सात हजार! एका विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्रिन्सिपल, मला तर त्या सगळ्या गोष्टीत हा माणूस खाशाबांइतकाच मोठा वाटतो. त्याच्या आधी १९४८ ला लंडनला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केलेला. तिथं ते फ्लायवेटमध्ये सहावे आले, आणि तेही मातीत वाढलेला पैलवान पहिल्यांदाच मॅटवर उतरून. मॅटवर पाय वेगळा पडतो, नियम वेगळे, कुस्ती वेगळी. चार वर्षांनी ५७ किलोत उतरले आणि पदक आणलं. तिथंही काय झालं बघा, जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती हरल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत युनियनच्या मामेदबेकोवविरुद्ध उभं केलं. मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता पण तो सांगायला, भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. दमलेल्या अंगानं माणूस लढला आणि हरला. इशीला सोनं मिळालं, मामेदबेकोवला चांदी. हे वाचताना दर वेळी माझ्या पोटात कालवतं, सत्तर वर्षं होऊन गेली तरी.

तर आठ आण्यांवर परत येतो. माझ्या मते ताईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

आमच्या इकडं जत्रा म्हटलं की कुस्त्यांचं मैदान आलंच. त्याची वर्गणी घरटी गोळा होते, कुणी शंभर देतो कुणी पाचशे, पुण्या-मुंबईला कामाला असलेली पोरं गुगल पे करतात. माती उकरून तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालून आखाडा करतात. दुपारपासून हलगी सुरू. आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर नाहीतर नारळावर, पाच-सहा वर्षांचं पोरगं लंगोट लावून उतरतं आणि जिंकलं की त्याला खांद्यावर घेऊन अख्खं मैदान फिरवतात आणि लोक दहा-वीसच्या नोटा त्याच्या हातात कोंबतात. पैलवान असाच घडतो. त्याचा खुराक, दूध, तूप, बदाम, थंडाई, हा एका शेतकऱ्याच्या घराला झेपणारा खर्च नाही, मग कुठं मामा म्हैस देतो, कुठं चुलता ऊसाचं बिल आलं की त्यातले थोडे बाजूला काढतो, कुठं गावातला दुकानदार उधारी लिहितो आणि मागत नाही. दहा-बारा वर्षं असं चालतं आणि मग तो पोरगा कोल्हापूरच्या खासबागच्या मैदानात उतरतो तेव्हा आत तो एकटा असतो पण त्याच्या अंगावर किती घरांचं दूध चढलेलं असतं. तो जिंकला की आपण जिंकलो हे उगाच बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य नसतं, त्यात हिशोब असतो.

स्वप्नीलचंही तेच आहे. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, वडील शिक्षक, आई गावची सरपंच, आणि खेळ कुठला तर ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही प्रकारे नेम धरायचा. प्रत्येक गोळीला पैसे पडतात, सरावच पैशावर चालतो, आणि वडिलांनी पोराच्या गोळ्यांसाठी कर्ज काढलेलं. हा पोरगा तेव्हा मध्य रेल्वेत टीसी. पहिलंच ऑलिम्पिक, १ ऑगस्ट २०२४, फायनलमध्ये ४५१.४ गुण आणि ब्राँझ. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मी ती मॅच बसमध्ये मोबाईलवर बघत होतो, शेजारी एक अनोळखी मावशी बसलेल्या, त्यांना नेमबाजीतलं काही कळत नव्हतं पण तो उभा राहून नेम धरत होता तेव्हा त्यांनी श्वास धरलेला मला दिसत होता, आणि पदक पक्कं झाल्यावर त्यांनी पिशवीतनं पेढा काढून मला दिला. देवाला नेत होत्या तो.

आता दुसरी गोष्ट, निकालाची.

आपल्या रोजच्या जगण्यात कशाचा निकाल असा डोळ्यासमोर लागतो सांगा. शेतात वर्षभर राबलं तरी भाव कुणीतरी दुसराच ठरवतो. पोरगं परीक्षा देतं, मग पेपर फुटल्याची बातमी येते, मग भरती रखडते, मग कोर्ट. ऑफिसात काम एकाचं आणि प्रमोशन दुसऱ्याचं. कोण का पुढं गेला आणि कोण का मागं राहिला हे नक्की कधीच कळत नाही, मनात एक खुटखुट राहते कायम. आणि आखाड्यात? पाठ टेकली की टेकली. पाच हजार माणसं बघतायत, पंच बघतोय, हलगीवाला बघतोय. चितपट म्हणजे चितपट. तिथं कुणाचा पोरगा आहेस, कुठल्या आळीतला आहेस, कुणाची चिठ्ठी आणलीस, काही चालत नाही. मला वाटतं माणसं खेळाडूच्या मागं वेडी होतात ती या एका क्षणासाठी, जिथं मेहनतीचं फळ मेहनत करणाऱ्यालाच मिळताना दिसतं, आणि ते बघायची आपल्याला एवढी भूक असते की दिसलं की डोळ्यात पाणीच येतं.

म्हणूनच त्या मैदानात अन्याय झाला की लोक एवढे पेटतात. त्याच ऑलिम्पिकमधलं पैलवान विनेश फोगाटचं आठवा. स्वप्नीलच्या पदकाला आठवडासुद्धा झाला नव्हता. ६ ऑगस्टला तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जी आंतरराष्ट्रीय कुस्तीत कधी हरलीच नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं म्हणून फायनलमधून बाहेर. नियम तो नियम हे सगळ्यांना कळत होतं. पण आमच्या तालमीतले म्हातारे वस्ताद त्या दिवशी जेवले नाहीत. आणि ती पदकाशिवाय दिल्लीला आली तेव्हा एअरपोर्टवर केवढी माणसं होती! म्हणजे पदकाचाच प्रश्न आहे असंही नाही. एखाद्यानं सगळं दिलं हे आपल्याला दिसलं ना, मग मिळालं नाही तरी चालतं.

अमोल मुजुमदारबद्दल मला असंच वाटतं. १९८८ ला शाळेच्या मॅचमध्ये सचिन आणि कांबळीनं ६६४ ची पार्टनरशिप केली हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण त्या मॅचमध्ये पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा अमोल होता आणि त्याची बॅटिंग आलीच नाही. पुढं रणजी पदार्पणात २६० केले, फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर धावा केल्या, तरी भारताकडून एकही मॅच नाही. आणि मग २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबईचं डी वाय पाटील स्टेडियम, आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला, कोच कोण तर अमोल मुजुमदार. हरमनप्रीत त्याच्या पाया पडली तेव्हा आमच्या घरात सगळे रडत होते. भाऊजी तर उठून बाहेरच गेले. भाऊजींना त्यांच्या कंपनीत पंधरा वर्षं सुपरवायझर करतो करतो म्हणत ठेवलेलं. पॅड बांधून बसणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजवायला नको. सांगलीची आपली स्मृती मानधना त्या टीममध्ये होती, तिच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवल्या, पण त्या रात्री भाऊजींचा हिरो अमोल होता.

इथपर्यंत मी ताईला सगळं सांगितलं असतं आणि मला वाटलं असतं झालं, दिलं उत्तर. पण ताईच्या कामाकडं बघितलं की हेच उत्तर उलटून माझ्यावर येतं.

तिच्या कामात निकाल दिसत नाही. दवाखान्यात जिंकणं म्हणजे काय तर काही न होणं. ताप उतरला, टाके सुकले, पेशंट घरी गेला. गेला की तो देवाचे आभार मानतो, डॉक्टरांना पेढे देतो. रात्री तीन वाजता ज्या बाईनं सलाईन बदललं आणि ऑक्सिजन खाली जातोय हे वेळेत बघितलं तिचं नावही त्याला माहीत नसतं. कोविडमध्ये तर आतलं काही दिसायची सोयच नव्हती, नातेवाईक गेटबाहेर, आत कोण काय करतंय कुणाला माहीत. ताई एकदाच बोलली होती त्याबद्दल, की किटमुळं पेशंटला आमचा चेहरासुद्धा दिसायचा नाही गं म्हणून आम्ही छातीवर मार्करनं नाव लिहायचो. आईला सांगत होती, मी बाजूला बसून ऐकलं. हलगी नाही, पंच नाही, बघणारं कुणी नाही. टाळ्या-थाळ्या वाजवल्या आपण एक दिवस, २२ मार्च २०२० ला, मीपण वाजवली, मनापासून वाजवली. पण नंतर ताई आणि तिच्यासोबतच्या बायका ड्युटी करून घरी यायच्या तेव्हा आमच्याच कॉलनीत लोक त्यांना लिफ्ट वापरू नका म्हणत होते. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आणि मग मला खाशाबांचं पुढचं आयुष्य आठवलं, जे आजोबा फारसं सांगायचे नाहीत.

बैलगाड्यांचा तो दिवस संपला. खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून खर्डीकर सरांचं घर सोडवलं असं सांगतात. १९५५ ला ते पोलिसात सब इन्स्पेक्टर म्हणून लागले. अनेक वर्षं बढतीविना गेली. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. हयातीत ना अर्जुन मिळाला ना पद्म. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं, चव्वेचाळीस वर्षांनी, म्हणजे खाशाबांनी काय केलं होतं ते कळायलाच आपल्याला चव्वेचाळीस वर्षं लागली म्हणायची. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सोनं आणलं, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सोनं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधल्या शेहेचाळीस वर्षांत हा माणूस आमच्या जिल्ह्याशेजारी आहे हे मलासुद्धा माहीत नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटते.

म्हणजे मिरवणूक निघाली म्हणून माणसाचं भलं झालं असं नाही. गुलाल उधळायला एक दिवस लागतो आणि तो आपण आनंदानं देतो, त्याच्यानंतरचे तीस वर्षांचे दिवस, पेन्शनची फाईल, पायाचं दुखणं, पोरांची शिक्षणं, ते ज्याचं त्यानं बघायचं. ताईच्या दवाखान्यात जेवढ्या नर्स पाहिजेत तेवढ्या नाहीत, एकेकीला वॉर्डात किती पेशंट सांभाळावे लागतात हे तिच्या तोंडून ऐकलं तर झोप येणार नाही. तिला मिरवणूक नकोय, मला नंतर कळलं ते. तिला दोन बायका जास्त पाहिजेत रात्रपाळीला. खाशाबांनाही दुसरी मिरवणूक नको होती, वेळेवर बढती आणि पेन्शन पाहिजे होती. हे दोघं मला त्या दिवसापासून एकाच रांगेत उभे दिसतात, एकाच खिडकीसमोर, हातात एकच फॉर्म घेऊन.

तरीपण मी खेळाडूला हिरो म्हणणं सोडणार नाही. मित्रांमध्ये हल्ली एक सूर असतो की कशाला डोक्यावर घेता, बॉल मारला म्हणजे काय समाजसेवा केली का, सीमेवरचा जवान हिरो, शेतकरी हिरो. हे बोलणाऱ्यांपैकी किती जण शेतकऱ्याकडं घासाघीस न करता भाजी घेतात ते मी बघितलंय. एकाला खाली खेचून दुसरा वर जात नाही. खाशाबांच्या गाड्यांवर बसलेला सतरा वर्षांचा पोरगा, म्हणजे माझे आजोबा, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपल्यासारखं ढेकळं तुडवणारं माणूस जगात कुठंही जाऊन उभं राहू शकतं. ते स्वतः कधी पैलवान झाले नाहीत. पण दोन्ही मुलींना त्यांनी शिकवलं, त्या काळात, गावच्या विरोधात जाऊन. त्यातली एक माझी आई. कारण विचारलं की म्हणायचे खाशाबा हेलसिंकीला जातो तर पोरी कराडला का जाणार नाहीत. आठ आण्यांचं एवढं झालं.

ताईची मुलगी, माझी भाची, तेरा वर्षांची आहे आणि गेल्या वर्षापासून तालमीत जाते. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली, तो फोटो तिच्या अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलाय. घरात आधी कुरकुर होती, कान मोडतील, लग्न कसं होईल, नेहमीचंच. ताईनं एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं, म्हणाली तिचा कान आहे, तिला चालतोय ना.

परवा ताईची नाईट होती. मी त्यांच्याकडं जेवायला होतो. डबा भरला, बॅगेत घातला, चपला घातल्या आणि दारातनं परत आत आली. म्हटलं काय राहिलं? काही बोलली नाही. फडताळातनं बरणी काढली, दहा बदाम मोजले, वाटीत पाणी घातलं, वर ताटली झाकली आणि मला म्हणाली सकाळी साडेपाचला उठव तिला, सालं काढून दे, आणि अर्धा लिटर दूध बाजूला काढलंय त्यातलं चहाला घेऊ नका कुणी.

मग गेली ड्युटीला.